घरच्या टाकीत खाऱ्या पाण्याची शेती

शेतकऱ्यांच्या मासिकात शोभेचे मासे पाळण्याची गोष्ट कशाला, अशी शंका हे शीर्षक वाचताच आमच्या कित्येक वाचकांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. तिचे उत्तर प्रथम देणे उचित होईल. आमच्या सभासदांपैकी पुष्कळांची मुलेबाळे हल्ली मुंबईच्या उपनगरांत बिऱ्हाड करून आहेत. गुरे बांधण्यास अंगण नाही, झाड लावण्यास जमीन नाही. तथापि काहीतरी जिवंत वाढवावे ही हौस रक्तातून गेलेली नाही. मग कोणी गच्चीत कुंड्या ठेवतो, कोणी काचेच्या टाकीत मासे. आम्ही स्वतः गोरेगावी राहतो व दुसऱ्या वर्गात मोडतो. खाऱ्या पाण्याची, खडकाची व रंगीत माशांची लहानशी टाकी घरी उभी करताना आम्ही ज्या चुका केल्या, त्या वाचकांनी पुन्हा करू नयेत, हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू असा की, ही टाकी ज्या नियमांनी चालते ते शेताचेच नियम आहेत. म्हणून ज्याने जमीन कसली आहे त्यास ही विद्या इतरांपेक्षा लवकर कळेल, अशी आमची खात्री आहे.

काचेच्या टाकीत समुद्राचे जीव जगविण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढल्याच वर्षी गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयावर ग्रंथ लिहून ही हौस घरोघर पोहोचविली. आपल्याकडे मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी खाऱ्या पाण्यातील मासे काचेआड प्रथम पाहिले, ते १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. आम्हीही लहानपणी तेथेच काचेस नाक लावून उभे राहिलो होतो, व आजचा छंद हा त्या दिवसाचाच परिणाम होय.

पहिला प्रयत्न व त्याचे फळ

२०१८ साली आम्ही पहिली टाकी आणली. पाणी भरले, मीठ घातले, वाळू पसरली, दिवा लावला आणि तिसऱ्या दिवशी एका दुकानातून चार मासे आणून सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत होते. पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. सातव्या दिवशी चारही गेले. दुकानदारास विचारले, तेव्हा मासे नाजूक असतात, दुसरे घेऊन जा, एवढेच उत्तर मिळाले. दुसरेही आणले व तेही गेले. त्यानंतर मात्र आम्ही टाकी रिकामी करून ठेवली, आणि स्वच्छ पाण्यात मासा मरतो कसा याचा विचार करू लागलो.

कारण समजले तेव्हा शरम वाटली. कारण ते आम्हांस शेतावर चांगले ठाऊक होते. मासा श्वासावाटे व मलमूत्रावाटे पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. हे विष डोळ्यांस दिसत नाही, आणि समुद्राच्या पाण्यासारख्या अल्कधर्मी व कोमट पाण्यात ते अधिकच तीव्र होते. जमिनीत शेणखत वा युरिया घातला म्हणजे त्यातील अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट होते, आणि हे काम मातीतील दोन प्रकारचे जिवाणू पाळीपाळीने करतात, हे आपण जाणतो. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. समुद्रातही हेच घडते, व टाकीतही हेच घडले पाहिजे. परंतु नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. म्हणजे आम्ही नापीक मुरमावर पेरणी केली आणि पीक का जळाले म्हणून बियाणेवाल्यास दोष देत बसलो.

एवढे एक सूत्र ध्यानात राहिले तर पुढील सारे सोपे आहे. टाकीत प्रथम मासे पाळावयाचे नसतात. प्रथम पाणी पिकवावयाचे असते. ज्याप्रमाणे वाफसा आल्यावाचून तिफण शेतात नेऊ नये, त्याप्रमाणे पाण्यास वाफसा आल्यावाचून मासा टाकीत सोडू नये.

टाकी व तिची जागा

नवशिका मनुष्य खर्चाच्या भीतीने अगदी लहान टाकी घेतो. ही चूक आहे. दहा-वीस लिटर पाण्यात एखादा मासा मेला, की अर्ध्या दिवसात सारे पाणी नासते. शंभराहून अधिक लिटर पाण्यात तेवढ्याच दोषास वेळ लागतो, व मालकास सावरण्याची संधी मिळते. आमची दुसरी टाकी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तीत सुमारे १५९ लिटर पाणी मावेल; वर थोडी जागा सोडून, वाळू व खडक वजा जाता, प्रत्यक्ष पाणी १३० लिटर धरावे.

पाणी, खडक, काच व लोखंडी घोडा मिळून हे वजन २०० किलोच्या वर जाते. चाळीत वा जुन्या इमारतीत राहणाऱ्याने ते खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या आधारावर ठेवावे, व शंका असल्यास जाणत्यास विचारावे. खिडकीतील ऊन टाकीवर पडू देऊ नये. पाणी तापते व शेवाळ माजते. घोड्यावर टाकीखाली थर्मोकोलचा पातळ थर घालावा, म्हणजे लहानसहान उंचवट्यांनी काच तडकत नाही. विजेची तार टाकीच्या तळापेक्षा खाली लोंबकळवून मग खटक्याकडे वर न्यावी. त्यामुळे तारेवरून ओघळणारे खारे पाणी खालच्या वळणावरून गळून पडते, खटक्यात शिरत नाही.

पाणी व मीठ

गोरेगावच्या पश्चिमेस मालाडची खाडी, आणि थोड्या अंतरावर वर्सोवा, मढ व आक्सा येथील समुद्र. मग पाणी विकत का करावे, असा विचार आम्हीही केला. बादल्या घेऊन मढच्या किनाऱ्यावर गेलोही होतो. तेथे मासळी वाळत घालणाऱ्या एका वृद्ध कोळीणबाईने, हे कशाला नेता, असे विचारले. आम्ही कारण सांगताच ती हसली व म्हणाली, ''दादा, चांगलं पाणी पाहिजे तर होडीत बसून लांब जायला लागतं. इथलं पाणी शहराचं आहे, दर्याचं नाही.'' मावशींचे म्हणणे शब्दशः खरे होते. ओशिवरा नदी उपनगरांची घाण घेऊन मालाडच्या खाडीस मिळते, आणि पावसाळ्यात तर किनाऱ्यालगतचे पाणी गोड्या पाण्याच्या लोंढ्याने अर्धेमुर्धे निखारते. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन परतलो.

तेव्हा पाणी घरीच तयार करणे बरे. येथे दुसरा मोह होतो तो स्वयंपाकघरातील मिठाचा. भांडुप, मुलुंड, भाईंदर या भागांतील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ठाऊक असेल की, समुद्राचे पाणी आटत गेले म्हणजे खाण्याचे मीठ आधी खाली बसते, आणि वर जे कडवट पाणी उरते ते काढून टाकतात. त्या कडवट पाण्यातच मॅग्नेशियमचे क्षार जातात. चुन्याचा पुष्कळसा अंश तर मीठ बसण्यापूर्वीच खाली बसून वेगळा झालेला असतो. म्हणजे मिठागरातील मीठ हे समुद्रातून आले खरे, पण तो समुद्र नव्हे. टाकीसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले समुद्री मत्स्यालयाचे मीठच घ्यावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, या मानाने १३० लिटरांस साडेचार किलोंहून थोडे अधिक लागते. ते वेगळ्या पिंपात विरघळवून, पंपाने एक दिवस ढवळून, २५ अंश उष्णतामानास विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले, की वापरावे. रिफ्रॅक्टोमीटर हे साधन बाळगणे इष्ट. तरंगत्या मापकावर बुडबुडे बसले तर तो फसवितो.

गोडे पाणी महापालिकेच्या नळाचे असले, तरी त्यात क्लोरीन असते, व ते जिवाणूंस मारते. म्हणून आर. ओ. यंत्रातून काढलेले पाणी उत्तम. मात्र ज्या यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, तीतील पाणी घेऊ नये.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नवशिके येथे हमखास चुकतात. टाकीतील पाणी रोज आटते, पण मीठ आटत नाही. मिठागराचा नियम घरातही तोच आहे. चार दिवसांत ६ लिटर पाणी आटले, तर ३५ ग्रॅमचे प्रमाण ३६.७ वर जाते. ही तूट नेहमी गोड्या पाण्यानेच भरून काढावी. टाकीच्या काचेवर एक रेघ ओढून ठेवावी व रोज सकाळी तितक्यापर्यंत पाणी घालावे.

खडक व वाळू

प्रवाळखडकाच्या टाकीचा प्राण म्हणजे तिच्यातील सच्छिद्र खडक. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहून दाखविले की, समुद्रातील जिवंत खडक, चांगले पाणी व हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी वर्षानुवर्षे निरोगी राहते. त्या खडकाच्या छिद्राछिद्रांत वर सांगितलेले जिवाणू राहतात. जगात पुष्कळ ठिकाणी असा खडक समुद्रातून काढून विकला जातो. आपल्याकडे तो मार्ग धरू नये. असा खडक बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, आणि मेलेल्या प्रवाळासही कायद्याचे संरक्षण आहे.

सुदैवाने जिवाणूंस घर कोणी बांधले याची पर्वा नसते. आम्ही खडक घरीच केला. पांढरे सिमेंट एक भाग, कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळतो तो शिंपल्यांचा चुरा दोन भाग, व जाडे मीठ एक भाग, असे मिश्रण ओल्या वाळूच्या खड्ड्यांत ओतून वेडेवाकडे गोळे केले. ते पाण्यात बुडविले म्हणजे मीठ विरघळून छिद्रे पडतात. सिमेंटाचा तीव्र चुनखडीपणा जाईपर्यंत हे गोळे सहा ते आठ आठवडे पाणी बदलत भिजत ठेवावे लागतात. पाण्याचा सामू ८.५ च्या खाली स्थिर झाला म्हणजे ते वापरण्याजोगे झाले. घाई असेल त्याने तयार कृत्रिम खडक विकत घ्यावा. रचताना कमानी व घळी ठेवाव्या, म्हणजे पाणी खेळते राहते व माशांस लपावयास जागा होते. आधी खडक काचेवर टेकवावा व मग त्याभोवती चुनखडीची भरड वाळू दोन बोटे पसरावी. वाळूवर खडक ठेवला तर मासे ती उकरतात व खडक कोसळतो. किनाऱ्यावरची वाळू आणू नये. तीत घाणही असते, आणि किनाऱ्याची वाळू उचलणे हा गुन्हाही आहे.

टाकी पिकविणे

खडक, वाळू, पाणी व पाणी फिरविणारा पंप एवढी सिद्धता झाली म्हणजे जिवाणूंची पेरणी करावयाची. त्यांस खाद्य म्हणून अमोनिया पाहिजे. त्यासाठी शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १३० लिटरांस पाऊण ग्रॅम पुरतो. त्याने दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत अमोनिया होतो. कल्हईवाल्याचा नवसागर शुद्ध नसतो, तो वापरू नये. जिवाणूंचे विरजण बाटलीत विकत मिळते, किंवा ज्याची टाकी निरोगी आहे अशा स्नेह्याकडून थोडी वाळू आणता येते. या काळात दिवा लावण्याची गरज नाही.

दर दोन-तीन दिवसांनी तपासणीच्या संचाने पाणी पाहावे. प्रथम अमोनिया दिसतो, मग तो उतरून नायट्राइट चढतो, व शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतो. पुन्हा तेवढाच नवसागर घातला असता चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही नाहीसे झाले, की पाण्यास वाफसा आला असे समजावे. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आम्हांस अडतीस दिवस लागले. घरची मंडळी त्या रिकाम्या टाकीकडे पाहून हसत; परंतु त्या अडतीस दिवसांनी पुढची वर्षे वाचविली. मासे आणण्याच्या आधी निम्मे पाणी बदलावे.

पुढे दिवा लागू लागला, की खडकावर प्रथम तपकिरी बुरशीसारखा थर धरतो व मग हिरवे शेवाळ येते. पडीक जमीन नांगरली की आधी तणच उगवते, तसाच हा प्रकार आहे. घाबरून औषधे ओतू नयेत. दिवा आठ तासांहून अधिक ठेवू नये, अन्न कमी घालावे व शेवाळ खाणाऱ्या चार-दोन गोगलगाई सोडाव्या. हंगाम आपोआप पालटतो.

कोणते मासे घ्यावे

१३० लिटरांत चार लहान माशांहून अधिक नकोत. आम्ही क्लाऊन माशांची एक जोडी ठेवली आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा लहान मुलेही ओळखतात. हे मासे सर्व प्रथम नर असतात. सोबत वाढणाऱ्यांपैकी जो सर्वांत मोठा व वरचढ होतो त्याची मादी बनते. म्हणून दोन लहान पिल्ले एकत्र आणली की कालांतराने जोडी आपोआप जमते.

मासा कोठून आला हे विचारूनच घ्यावा. समुद्रात पकडलेला मासा प्रवासात शिणतो व पुष्कळदा रोग घेऊन येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास हौदात करण्याची रीत बसविली आहे, आणि आपल्याकडे ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची पैदास झाली आहे. हौदात जन्मलेला मासा कोरडे अन्न खातो, काचेस बिचकत नाही, व त्याच्या मागे समुद्रात रिकामी जागा राहत नाही. किनारपट्टीवरील आमच्या सभासदांनी हा एक जोडधंदा म्हणूनही पाहण्यासारखा आहे. ही जोडी खडकावर अंडी घालते, नर त्यांस पंखांनी वारा घालीत राखण करतो, व आठवडाभरात पिल्ले बाहेर पडतात. ती जगविणे मात्र कसबाचे काम आहे.

नवा मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तासभर थेंबथेंब पाणी मिसळावे. शक्य असेल त्याने नव्या माशास तीन-चार आठवडे निराळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. नवे जनावर गोठ्यात बांधण्याआधी आपण हेच करतो. अन्न दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. जे उरते ते खत होते, आणि खताचा अतिरेक येथेही पीक जाळतो.

उन्हाळा व वीज

थंड देशांत टाकी गरम ठेवण्याची चिंता. आमची चिंता उलट. पाणी २५ ते २७ अंशांवर राहिले तर उत्तम. गोरेगावी मे महिन्यात खोलीच ३२ अंशांवर जाते, व पंप आणि दिवा त्यात भर घालतात. एका मे महिन्यात दुपारी आम्ही बाहेरून आलो तो पाणी साडेएकतीस अंशांवर गेलेले, व दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत होते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. दिवा बंद केला, टाकीचे झाकण काढले, पृष्ठभागावर लहान पंखा लावला व हवेचा पंप चालू केला. संध्याकाळपर्यंत पाणी दोन अंश उतरले व मासे खाली गेले. पाण्यात बर्फ टाकण्याचा मोह आवरावा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा उष्माही कमी असतो. याच कारणासाठी नवी टाकी दिवाळीनंतर सुरू करावी, असे आम्ही सुचवितो. थंडीचे चार महिने हाताशी येतात.

विजेविषयी असे, की मुंबईत वीज जात नाही हा भरवसा १२ ऑक्टोबर २०२० रोजी संपला. त्या दिवशी सकाळी मुंबई व उपनगरांतील वीज एकाएकी गेली. आमच्या घरीही पंप थांबले. पाणी थांबले म्हणजे प्राणवायू संपतो, व खडकातील जिवाणूही गुदमरू लागतात. तेव्हा घरातील सर्वांनी पाळीपाळीने तांब्याने टाकीतील पाणी घेऊन उंचावरून परत ओतले. मासे वाचले. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला. प्रत्येकाने तो आरंभीच घ्यावा.

प्रवाळाविषयी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टाकीस शोभा येते ती जिवंत प्रवाळाने, असे चित्रे पाहणारा म्हणेल, व ते खोटे नाही. दुसरी टाकी स्थिरावल्यावर एक मनुष्य आमच्या दारी बादली घेऊन आला. तीत मुठीएवढा प्रवाळाचा जिवंत गोळा होता. आपल्याच किनाऱ्यावरील खडकावरून छिन्नीने काढला, असे त्याने अभिमानाने सांगितले. आम्ही त्यास काही वेळ उभे करून ठेवले, हे कबूल केले पाहिजे. कारण वस्तू सुंदर होती आणि टाकीत तिच्यासाठी जागाही होती. अखेर नको म्हणून सांगितले व हे काम गुन्ह्याचे असल्याचेही सांगितले. तो बादली घेऊन गेला. तो गोळा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहिला नसेल.

प्रवाळ ही वनस्पती नाही व दगडही नाही. ती असंख्य लहान प्राण्यांची वसाहत आहे. तूर वा हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत जसे नत्र देणारे जिवाणू राहतात, तसे या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्राणी त्यास आसरा देतो, शैवाल उन्हात अन्न तयार करून प्राण्यास देते. पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी तापून तसेच काही आठवडे राहिले, की ही भागीदारी मोडते; शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते व उपाशी मरते. १९९८ साली जगभर असे झाले व लक्षद्वीपच्या प्रवाळाची मोठी हानी झाली. पुढेही हे संकट पुन्हा पुन्हा आले आहे. आमच्या टाकीतील त्या मे महिन्याच्या दुपारी मासे वाचले. प्रवाळ असते तर तशा दोन-चार दुपारींतच ते गेले असते. समुद्रास लावावयास पंखा नाही.

आपल्याकडे प्रवाळ नाही असे समजण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहे, व तेथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. खुद्द मुंबईत वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळ आढळले, आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली ते उचलून दुसरीकडे लावावे लागले. गोळ्याच्या आकाराचे प्रवाळ वर्षास फार तर सेंटिमीटरभर वाढते, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे त्या बादलीतील मूठभर गोळा ही कित्येक वर्षांची वाढ होती.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे २००१ साली घालण्यात आली. समुद्रघोडे व समुद्रकाकडीही त्याच वर्षी आली. वाघास जे संरक्षण तेच यांस. ते काढणाऱ्यास, विकणाऱ्यास व जवळ बाळगणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. परदेशी प्रवाळ म्हणून जे विकले जाते त्यासही आयातीची कागदपत्रे लागतात. ती न दाखविणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणारी मऊ, बटणांसारखी झोअँथिडेही उपटून आणू नयेत. त्यांपैकी काहींत अत्यंत जहाल विष असते, व ती घरात हाताळताना माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

मग प्रवाळावाचून प्रवाळखडकाची टाकी कशी, असे कोणी विचारील. आमच्या सिमेंटच्या गोळ्यांवर दोन वर्षांत जांभळे-गुलाबी चुनखडी शैवाल चढले. खळग्यांत हिरवे समुद्रशैवाल वाढले. गोगलगाई, लहान किडे व नळीत राहणारे कृमी आपोआप आले. रात्री दिवा मालवून विजेरीने पाहिले असता खडकाचे प्रत्येक छिद्र हालताना दिसते. आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही आजवर प्रवाळ कोठे आहे असे विचारलेले नाही. आणि ज्यास खरे प्रवाळ पाहावयाचे असेल त्याने ओहोटीच्या दिवशी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. मरीन लाइफ ऑफ मुंबई या नावाने २०१७ पासून काही नागरिक किनाऱ्यावरील फेऱ्या काढून तेथील जीव लोकांस दाखवीत आले आहेत. आम्ही मुलांस घेऊन असे गेलो आहोत. हात न लावता पाहण्याची सवय त्यांस टाकीनेच लागली होती.

नित्याची कामे व खर्च

रोज सकाळी उष्णतामान पाहावे, आटलेले पाणी भरावे व माशांची गणती करावी. दर आठवड्यास १३ लिटर पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. यास सुमारे ४५५ ग्रॅम मीठ लागते. काढलेले पाणी कुंडीत ओतू नये, झाडे मरतात. महिन्यातून एकदा पंप उघडून धुवावा, पण खडक व वाळू नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये. तसे करणे म्हणजे आपणच आपली माती भाजून काढणे होय.

विजेचा हिशेब असा: ६० वॅटचा एल. ई. डी. दिवा आठ तास, २५ वॅटचे पंप व १० वॅटचा पंखा अहोरात्र, मिळून दिवसास सव्वा ते दीड युनिट, म्हणजे महिन्यास चाळीस युनिटांच्या आसपास. आरंभी मोठा खर्च टाकी, घोडा, दिवा व पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांचा. मासे त्या मानाने स्वस्त पडतात. आणि म्हणूनच ते बेफिकिरीने मारले जातात, असे आमचे मत झाले आहे. ज्यास एवढा खर्च व रोजचा पाव तास देणे शक्य नाही, त्याने गोड्या पाण्यातील चार गप्पी ठेवून समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या आठ माशांची किंमत देऊन आम्ही जे शिकलो, ते येणेप्रमाणे वाचकांपुढे ठेवले आहे. आमच्या टाकीतील जोडीने गेल्या दिवाळीच्या सुमारास मधल्या कमानीच्या आतल्या बाजूस पहिली अंडी घातली. पिल्ले जगली नाहीत. पुढल्या वेळेची सिद्धता चालू आहे. वाचकांपैकी कोणी हा प्रयोग केल्यास त्यांनी आपला अनुभव मासिकाकडे कळवावा; विशेषतः पिल्लांच्या पहिल्या आठवड्याच्या अन्नाविषयी कोणास यश आले असेल, तर ते वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.